मुलांची संध्याकाळ

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या वाचक-कुटुंबांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. तो असा कीं, ह्या मुलांचें आतां करावें काय? दुपार कशीबशी निघून जाते. पत्ते, कॅरम, आंब्यांच्या अढीभोंवतीं लुडबूड आणि अलीकडे हातीं आलेला मोबाईल ह्यांवर ती ढकलतां येते. परंतु पांच वाजले, ऊन उतरलें, म्हणजे घरांतील प्रत्येक मूल दाराकडे पाहूं लागतें. आणि त्या दाराबाहेर त्याच्यासाठीं काय ठेविलें आहे ह्याचें उत्तर आपल्यापैकीं फारच थोड्यांना देतां येईल. हा प्रश्न केवळ सुटीपुरता आहे असेंही नाहीं. शाळा चालू असतां तो शिकवणीच्या वर्गांनीं झांकला जातो, इतकेंच. मुलांची ही संध्याकाळ, आणि तिच्याशीं आमच्या नगराचा व आमच्या घरांचा असलेला संबंध, ह्यांविषयीं ह्या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं ह्या प्रश्नाचें उत्तर वाड्यानेंच दिलेलें असे. चौकांत, अंगणांत, मागील दारीं विहिरीजवळ, गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या मारुतीच्या पारावर मुलें खेळत, आणि खेळणाऱ्यांवर कोणाचें ना कोणाचें लक्ष असे. ओट्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या आजी, तांदूळ निवडणाऱ्या काकू, कचेरींतून परतलेले काका, ह्यांपैकीं कोणीही देखरेख करण्याचें म्हणून कांहीं काम अंगावर घेतलेलें नसे. पण तें काम होत असे. सात-आठ भावंडांत थोरलीं धाकट्यांना सांभाळीत, रडणाऱ्याला लिंबूटिंबू करून खेळांत घेत, आणि भांडण जुंपलें तर त्याचा निवाडाही तेथल्या तेथेंच होई. आजही आपल्यांतील कांहीं घरें एकत्र नांदतात. परंतु तीं नांदतात तिसऱ्या मजल्यावर. वाडा गेला, अंगण गेलें, ओटाही गेला. कुटुंब एकत्र राहिलें, तरी मुलांची जागा मात्र वांटणीवांचूनच गेली.

आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे, कीं वाड्यानें मुलांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक जागा, आणि दुसरें त्या जागेंत वावरणारें जिव्हाळ्याचें माणूस. ह्या दोन्ही गोष्टी आतां नगरानें आणि नागरिकांनीं मिळून द्यावयास पाहिजेत. जागेविषयीं थोडेंबहुत बोललें जातें. माणसाविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. आणि माणूस नसेल, तर जागा असूनही नसल्यासारखी होते.

प्रथम जागेचा विचार करूं. बागांच्या बाबतींत आमचें छत्रपती संभाजीनगर मूळचें दरिद्री नाहीं. २०२३ पर्यंत औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जाणारें हें नगर १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी ह्या खेड्याच्या जागीं वसविलें, आणि डोंगरांतील पाणी जमिनीखालून नहरीच्या वाटेनें वस्तींत आणिलें. पाणी पुढें, आणि बागा त्याच्या मागोमाग, असा येथील क्रम दिसतो. बीबीच्या मकबऱ्याभोंवतीं चारबाग आहे. पाणचक्कीच्या हौदाकांठीं वडाची सावली आहे. दिल्ली दरवाज्याजवळची हिमायत बाग सतराव्या शतकांतली असून तेथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें फळसंशोधन केंद्र चालतें. महानगरपालिका १९८२ सालीं स्थापन झाली. मध्यवर्ती बसस्थानकाजवळचें सिद्धार्थ उद्यान तिच्याच व्यवस्थेंतलें. तेथील प्राणिसंग्रहालयानें मराठवाड्यांतील मुलांच्या दोन पिढ्यांना वाघ दाखविला. गारखेडा भागांत विभागीय क्रीडा संकुल आहे, आणि विद्यापीठाच्या परिसरांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें प्रशिक्षण केंद्र आहे.

यादी मोठी आहे खरी. परंतु तिच्यावर समाधान मानून चालणार नाहीं. सिद्धार्थ उद्यानांत तिकीट काढून रविवारीं सहकुटुंब जावयाचें असतें. क्रीडा संकुल व प्रशिक्षण केंद्र हीं ज्या मुलांचें कौशल्य आधींच दिसून आलें त्यांच्यासाठीं. ज्या आठ वर्षांच्या मुलास कोणत्याच स्पर्धेंत उतरावयाचें नाहीं, नुसतें धांवावयाचें आहे, त्याला हवी ती जागा घरापासून पांच मिनिटांवर, मोठा रस्ता न ओलांडतां पोहोंचतां येईल अशी आणि रोज मिळणारी असली पाहिजे. रोजच्या जेवणाची सोय लग्नाच्या पंगतीनें होत नसते.

ह्या कसोटीस लावून पाहिलें म्हणजे आमच्या नगराचे दोन निराळे तुकडे दिसूं लागतात. १९७० नंतरच्या दशकांत सिडकोनें ज्या वसाहती आंखल्या, त्यांत घरांच्या समूहांमध्यें मोकळ्या जागा राखलेल्या होत्या. २००६ सालीं त्या वसाहती महानगरपालिकेकडे आल्या, आणि तेथील मुलांना निदान दाराबाहेर मैदान कोठें आहे हें ठाऊक असतें. दुसरा तुकडा गुंठेवारीचा. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानें तुकडे पडले, ते गरजू माणसांनीं पै-पैसा जमवून विकत घेतले, आणि त्यांवर घरें उभीं राहिलीं. कोणताही नकाशा नसल्यामुळें रस्तेच जेथें जेमतेम सुटले, तेथें मैदान कोण सोडणार? राज्यानें २००१ सालीं कायदा करून अशीं घरें नियमित करण्याची वाट काढली. कागद नियमित होऊं शकतात. परंतु जें मैदान कधीं सोडलेंच नव्हतें, तें कोणत्या कागदानें निर्माण व्हावें? २०११ च्या जनगणनेंत ह्या नगराची वस्ती ११,७५,११६ होती, आणि त्यानंतर ती वाढतच आहे. ह्या वाढीचा मोठा भाग वाळूज, चिकलठाणा येथील कारखान्यांसाठीं आलेल्या कष्टकरी कुटुंबांचा आहे. म्हणजे ज्यांच्या घरीं संध्याकाळीं आईबाप दोघेंही कामावरून परतलेलीं नसतात, त्यांच्याच मुलांच्या दाराबाहेर जागा नाहीं.

कायदा ह्या विषयीं मुका आहे असें नाहीं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें जी बारावी अनुसूची जोडली, तींत उद्यानें, बागा व क्रीडांगणें हीं नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या कामांत स्पष्टपणें घातलेलीं आहेत. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणें ४,००० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीची आंखणी करतांना तिचा दहावा हिस्सा करमणुकीसाठीं मोकळा सोडावा लागतो. विकास आराखड्यांत मैदानांसाठीं जागा राखून ठेवितात; परंतु १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमांत एक मेख आहे, ती सामान्य नागरिकाला ठाऊक नसते. आराखडा अमलांत आल्यावर १० वर्षांत राखीव जागा ताब्यांत घेतली गेली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत, तर तें आरक्षण आपोआप सुटतें. नकाशावर हिरव्या रंगानें दाखविलेलें मैदान कोणीं हिरावून न घेतां, केवळ कोणीं लक्ष न दिल्यामुळें नाहींसें होऊं शकतें. आपल्या वसाहतीची मोकळी जागा कोणती, ती कोणाच्या नांवें आहे आणि आराखड्यांत तिच्यापुढें काय लिहिलें आहे, हें घरांतील एका तरी माणसानें कचेरींत जाऊन पाहून ठेवावें. आपल्या घराच्या सात-बाऱ्याची जितकी काळजी आपण करितों, तिच्या दशांशानेंही हें काम होईल.

मोकळी जागा जाते ती एकदम जात नाहीं. प्रथम तिला फाटक लागतें, मग फाटकाला कुलूप. मग कोणाच्या तरी गाड्या तेथें उभ्या राहतात. मग उत्सवाचा मंडप पडतो, तो उत्सव संपल्यावरही महिनाभर तसाच असतो. शेवटीं एक सभागृह उभें राहतें, आणि त्याच्या उद्घाटनाला आपणच सहकुटुंब जातों. दर वेळीं कारण चांगलेंच असतें. आणि दर वेळीं एकेक हात मागें सरतात तीं मुलें, कारण त्यांना मतही नाहीं आणि निवेदनावर सही करण्याचा अधिकारही नाहीं.

आतां दुसऱ्या, आणि आमच्या मतें अधिक महत्त्वाच्या, गोष्टीकडे वळूं. समजा, जागा आहे, भिंत आहे, चार झोपाळे आणि दोन घसरगुंड्या आहेत. एवढ्यानें मुलांची संध्याकाळ सुधारते काय? अशा एखाद्या बागेंत अर्धा तास उभें राहून पाहावें. झोपाळे थोरल्या मुलांनीं बळकावलेले असतात. मधलें मैदान क्रिकेटवाल्यांकडे असतें. लहान मुलें आईचा पदर धरून कडेला उभीं असतात. आणि बारा वर्षांवरील मुली जवळजवळ नसतातच. अंधार पडतांच कोपऱ्यांतील बांकांवर निराळीच मंडळी जमूं लागते, आणि मग आयाबाया म्हणतात, 'त्या बागेंत नको ग बाई जाऊंस.' बागेला माळी असतो, तो झाडांसाठीं. रखवालदार असतो, तो सामानासाठीं. मुलांसाठीं नेमलेलें माणूस तेवढें नसतें.

ही उणीव जगानें फार पूर्वींच ओळखली होती. १८८५ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं गरीब वस्तींतल्या मुलांना खेळण्यासाठीं वाळूचा एक ढीग टाकण्यांत आला. बर्लिनच्या बागांत असे ढीग पाहून आलेल्या एका स्त्री-डॉक्टरची ती सूचना होती. त्या देशांतील क्रीडांगणांच्या चळवळीचा उगम ह्या वाळूंतच सांगतात. परंतु लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं वाळूबरोबर तेथें देखरेखीला बायका होत्या. प्रथम हौसेनें येणाऱ्या, आणि पुढें पगारावर नेमलेल्या. वाळू स्वस्त होती, आणि मुलें टिकून राहिलीं तीं त्या बायकांमुळें.

आपल्याकडेही हेंच दिसून येतें. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें, तें वैद्य बंधूंच्या ध्यासांतून; इमारती मागाहून आल्या. १९४१ मध्यें उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलापाशीं आरंभीं काय होतें? गांवांतलें एखादें मैदान, रोजची ठरलेली वेळ, आणि खेळ घेणारा एखादा तरुण. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रांतील हजारों मुलामुलींना निरनिराळ्या जातींच्या सवंगड्यांबरोबर हुतूतू खेळण्याची संवय लागली. दिल्लीस १९५६ सालीं राष्ट्रीय बालभवन निघालें. पुण्यास सारसबागेजवळ १९८५ पासून गरवारे बालभवन चालूं झालें. शोभा भागवत ह्यांनीं तें वाढविलें. शाळेनंतर मुलांनीं यावें, परीक्षा नाहीं, क्रमांक नाहीं, मातींत खेळावें, रंग कालवावे, नाटुकलें करावें. आणि ह्या सर्वांत मुलांबरोबर एक ताई असावी, अशी ती योजना. ह्या सगळ्या उदाहरणांत मुलें जमलीं तीं माणसाभोंवतीं. जागा त्या माणसाला साह्यकारी झाली.

थोरल्या मुलांविषयीं तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. तेरा ते अठरा हें वय असें, कीं घर अपुरें पडतें आणि जग अजून आपलें म्हणत नाहीं. ह्या वयांत रिकामी संध्याकाळ ज्याच्या हातीं लागेल, त्याचा तो मुलगा होतो. नशेच्या गोळ्या, सट्ट्याचे खेळ, रात्री-अपरात्रीं गाड्या उडविणें, ह्यांविषयीं वृत्तपत्रांत वाचून आपण हळहळतों. परंतु त्या मुलाची संध्याकाळ आपण कधीं मागितली होती काय? आइसलंड ह्या लहानशा देशानें ती मागितली. १९९८ सालीं तेथील १५-१६ वर्षांच्या मुलामुलींत, गेल्या महिन्याभरांत आपण दारूनें झिंगलों होतों, असें सांगणारीं शेंकडा ४२ होतीं. २०१६ सालीं तीं शेंकडा ५ वर आलीं. त्यांनीं नुसतीं व्याख्यानें दिलीं नाहींत. खेळ, संगीत, नृत्य ह्यांचे नियमित वर्ग प्रत्येक वस्तींत काढले. राजधानीच्या नगरानें मुलांच्या छंदांसाठीं प्रत्येक मुलामागें वार्षिक रक्कम देऊं केली. आणि आईबापांनीं आपापसांत ठरवून मुलें रात्रीं उशिरां बाहेर राहणार नाहींत असें पाहिलें. नगर आणि घर ह्यांनीं जेव्हां एकाच मुलाचा एकेक हात धरिला, तेव्हां हें घडलें.

आपल्या नगरांत असें माणूस मिळणार कोठून, अशी शंका कोणी काढील. त्यांनीं जुन्या शहरांतील बायजीपुऱ्याची हकीकत ऐकावी. २०२१ च्या जानेवारींत, शाळा बंद असण्याच्या त्या दिवसांत, तेथील एका शाळकरी मुलीनें वडिलांच्या साह्यानें मोहल्ल्यांतल्या मुलांसाठीं लहानसें वाचनालय उघडलें. पुस्तकें घरचीं, जागा घरची, आणि ग्रंथपाल ती स्वतः. पाहतां पाहतां तशीं बालवाचनालयें दुसऱ्या मोहल्ल्यांतही निघालीं. एका बालिकेला जें सुचलें आणि साधलें, तें आपल्या भगिनी-मंडळांना, निवृत्त शिक्षकांना आणि महाविद्यालयांतील तरुणांना साधूं नये असें त्यांत काय आहे?

येथें मुलींविषयीं निराळें लिहिणें अवश्य आहे. सातव्या-आठव्या इयत्तेपर्यंत मैदानावर दिसणारी मुलगी एकाएकीं दिसेनाशी होते. तिला कोणी मना केलेलें असतें असेंही नाहीं. पण बागेंत उजेड नाहीं, स्वच्छतागृहाला कुलूप आहे, आणि तिच्या वयाची दुसरी मुलगी नाहीं. ह्या तीन गोष्टींनीं न बोलतां मनाई होते. एका मुलीला एकटें जावयास धीर होत नाहीं, दहाजणी मिळून सहज जातात. म्हणून आठवड्यांतील कांहीं ठरलेले तास मुलींचे म्हणून राखावे, त्या वेळीं एक-दोन वडील स्त्रियांनीं तेथें असावें, आणि दिव्याची व स्वच्छतागृहाची मागणी मंडळाच्या सहीनें लेखी करावी. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बांधिले. त्या खेळाचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस झाला, तेव्हां पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही स्पर्धा भारतानें जिंकल्या, आणि दोन्ही संघांचीं कर्णधारपदें महाराष्ट्राकडे होतीं. दोन खांब आणि थोडी माती एवढ्यावर चालणाऱ्या खेळांत आपल्या मुली कोठवर जातात हें दिसून आलें आहे. त्यांना घराबाहेर काढणें तेवढें आपल्या हातीं आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप अभ्यासाचा. दिवसभर शाळा, मग शिकवणी, त्यांत खेळाला वेळ कोठला? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें सांगितलें आहे, कीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें तरी अंगमेहनतीची हालचाल करावी. चोवीस तासांतील एक तास ही मागणी अवाच्या सवा नाहीं. ज्या घरांत संध्यावंदनाला वेळ काढीत, त्या घरांना नियमाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शेजारच्या जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थांचें जन्मगांव. त्यांनीं गांवोगांव मारुती स्थापिले ते नुसते शेंदूर लावण्यासाठीं नव्हते, हें आपण मुलांना सांगतों, आणि लगेच त्यांना शिकवणीला पाठवितों. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क-करारांत खेळ आणि विश्रांति हा मुलांचा हक्क म्हणून लिहिला गेला, आणि भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला. खेळ हें अभ्यासाचें बक्षीस समजूं नये. तो मुलाच्या दिवसाचा एक भाग आहे.

दुसरा आक्षेप उन्हाचा व पाण्याचा, आणि तो खरा आहे. वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो. नाथसागर जवळ असूनही नळाच्या पाण्याची वाट पाहण्यांत ह्या नगराचीं वर्षें गेलीं आहेत. अशा ठिकाणीं विलायती हिरवळ आणि कारंजीं हा पैशाचा अपव्यय होय. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज हीं आपलीं झाडें एकदां जगविलीं म्हणजे फारसें पाणी मागत नाहींत, आणि सावली मात्र तीन पिढ्यांना देतात. मुलांना हिरवळ लागतच नाहीं. त्यांना माती, वाळू, सावली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ लागतो. जागा मोठी पाहिजे असेंही नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम शहरानें १९४७ पासून सुमारें तीस वर्षांत सातशेंहून अधिक क्रीडांगणें केलीं. त्यांतलीं कित्येक दोन घरांमधल्या ओसाड तुकड्यांवर, वाळूचा एक हौद आणि चार लोखंडी कमानी एवढ्यांवर उभीं राहिलीं. आल्डो व्हॅन आइक हे त्यांचे रचनाकार. आमच्या गुंठेवारींतही असे तुकडे शोधणाऱ्याला सांपडतील.

तिसरा आक्षेप सहसा मोठ्यानें बोलला जात नाहीं, म्हणून आम्ही तो बोलतों. 'कोणाचीं मुलें तेथें येतात कोण जाणे. आपलें मूल त्यांत कशाला पाठवा?' असें आपल्यापैकीं कित्येक घरें मनांत म्हणतात, आणि मग पैसे भरून क्रिकेटच्या किंवा पोहण्याच्या वर्गांत मुलांना घालतात. ते वर्ग वाईट नाहींत. पण तेथें आपल्यासारखींच मुलें भेटतात. आपलें मूल पुढें ज्या नगरांत राहावयाचें, तें नगर मात्र सर्वांचें आहे. दंगलीचे दिवस ह्या नगरानें अनेकदां पाहिले. अगदीं अलीकडे २०१८ आणि २०२३ सालींही पाहिले. लहानपणीं एकाच लगोरीच्या ढिगावर नेम धरलेल्या मुलांमध्यें पुढें वैर येणारच नाहीं, अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. परंतु ज्याला आपण नांवानें हांक मारली आहे, त्याच्या घरावर दगड टाकतांना हात थोडा तरी अडखळतो. आपल्या जिल्ह्यांतील पैठणच्या नाथांची कथा आपण घरोघरीं सांगतों: गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत एक अस्पृश्य मानलेलें पोर रडत होतें, आणि स्नान करून निघालेल्या नाथांनीं तें कडेवर घेऊन त्याच्या घरीं पोहोंचतें केलें. त्या कथेला आपण मान डोलवितों. तापलेल्या वाळूंत आजही मुलें उभीं आहेत. त्यांना कडेवर घेण्याचीही गरज नाहीं, आपल्या मुलांबरोबर खेळूं दिलें तरी पुरे.

तेव्हां करावें काय? नगरसंस्थेकडे मागावयाचें तें असें: प्रत्येक प्रभागांतील एका तरी बागेंत किंवा मैदानांत रोज सायंकाळीं दोन तास, मुलांचे खेळ घेण्यासाठीं एक शिकलेलें माणूस नेमावें, तिला खेळताई म्हणा, किंवा दुसरें कांहीं म्हणा. कारंज्याच्या एका दुरुस्तीच्या खर्चांत तिचें वर्षाचें वेतन निघेल कीं नाहीं, ह्याचा हिशेब सभासदांनीं अंदाजपत्रक मांडतांना अवश्य करावा. फाटकें मुलांच्या वेळेला उघडीं असावींत. राखीव मैदानांची यादी वॉर्ड-कचेरींत भिंतीवर लावावी, आणि कोणत्या जागेची मुदत केव्हां संपते तेंही तींत लिहावें.

आणि घरांनीं करावयाचें तें ह्याहून सोपें आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनीं सकाळच्या फेरीप्रमाणें संध्याकाळची एक फेरी मैदानाकडे करावी, आणि तेथें बांकावर बसावें. नुसतें बसण्यानेंही अर्धें काम होतें. ज्या आजींना सागरगोटे, काचापाणी, ठिकरी येते, त्यांनीं तें आपल्या नातींबरोबर दुसऱ्यांच्या नातींनाही शिकवावें. सुनेला सायंकाळच्या स्वयंपाकांतून आठवड्याचे दोन दिवस मोकळीक देऊन मुलांबरोबर जाऊं द्यावें; त्या दिवशीं पोळ्या घरांतल्या पुरुषांनीं लाटल्या तरी कुळाचाराला बाध येत नाहीं. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनीं शनिवार-रविवार आट्यापाट्यांचे डाव मांडावे. सामान काय लागतें? चुन्याची एक पिशवी, दोरी, दोन चेंडू, सात चपट्या ठिकऱ्या. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या खर्चांतून एवढें सहज होईल.

एक पथ्य मात्र पाळावें. खेळ मुलांचा असावा. वडील माणसांनीं त्यांत लगेच बक्षिसें, गणवेश आणि पाहुण्यांचीं भाषणें आणूं नयेत. मुलें भांडलीं तर थोडें भांडूं द्यावें, हरलीं तर हरूं द्यावें. वाड्यांतल्या आजी जपमाळ ओढीत बसत, आणि कोणी खरोखरच पडल्याशिवाय उठत नसत. देखरेखीची ती रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

वाडे परत यावयाचे नाहींत, आणि त्यांतली अडचण ज्यांनीं सोसली ते परत यावे असें म्हणणारही नाहींत. परंतु वाड्यांतलें जें चांगलें होतें, तें चार भिंतींबाहेर नेऊन अधिक मुलांना देतां येईल. पूर्वीं तें एका घरच्या सात-आठ भावंडांस मिळत असे. आतां एका आळींतल्या साठ-सत्तर मुलांस मिळूं शकेल. ज्या वाचकांनीं आपल्या वसाहतींत असा कांहीं उपक्रम चालविला असेल, त्यांनीं तो आम्हांस अवश्य कळवावा. कोणते खेळ चालले, मुली किती आल्या, अडचणी कोणत्या आल्या, हें सविस्तर लिहावें. निवडक पत्रें पुढील अंकांत ह्याच सदरांत देऊं. पावसाळा सुरू होण्यास अजून थोडे दिवस आहेत. कडुनिंबाचीं रोपें लावण्यासाठीं खड्डे खणून ठेवण्याची हीच वेळ होय, आणि ते खणावयास मुलांना बरोबर न्यावें.